चामखीळ जाळली तरी परत का येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ वर्षांच्या मुलीच्या अंगठ्याच्या नखाशेजारी सहा महिन्यांपूर्वी एक चामखीळ आली. ती मशिनने जाळून घेतली. दोन महिन्यांत तिथेच पुन्हा उगवली आणि आता दोन्ही हातांच्या बोटांवर मिळून सात आहेत. तुमच्या स्वतःच्या तळपायाला टाचेजवळ एक कडक, दुखरं काहीतरी आहे, त्याला कुरूप समजून तुम्ही पट्ट्या लावताय. सासूबाईंच्या मानेवर बारीक लोंबत्या चामखिळी आहेत आणि त्यांच्यापासूनच मुलीला लागण झाली असं घरात सगळ्यांना वाटतंय. रक्तात काही दोष आहे का, यातून कॅन्सर होतो का आणि आता नक्की काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते आहे. या काळात चामखिळीचा पेशंट आला नाही असा आठवडा मला आठवत नाही. तरीही हा आजार मला कधी किरकोळ वाटला नाही. मूल शाळेत हात खिशात लपवायला लागतं, शेजारी बसणारं मूल हात धरायला नको म्हणतं आणि आईवडील दर महिन्याला नवा उपाय करून बघतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बोटांवर जे कायमचे व्रण दिसतात, ते जवळजवळ सगळे उपायांनी झालेले असतात. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंना आधी या आरोपातून मोकळं करू. मराठीत आपण चामखीळ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मानेवर, काखेत, पापणीवर, जांघेत देठाला लोंबणारी जी मऊ, बारीक, त्वचेच्या रंगाची किंवा थोडी काळसर वाढ असते, तिला आम्ही स्किन टॅग म्हणतो. कातडीच्या घड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे ती येते. वजन वाढलं की, गरोदरपणात, वय वाढताना आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसेल तेव्हा ती जास्त दिसते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे आजीने नातीला जवळ घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त थोड्या काळात एकदम बऱ्याच आल्या असतील तर सासूबाईंची रक्तातली साखर एकदा तपासून घ्या.

मुलीच्या बोटांवर आहे ती खरी चामखीळ, काही जण तिला मस म्हणतात. ती होते ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे. ती सांसर्गिक आहे हे जुसेप्पे चुफो या इटालियन डॉक्टरांनी १९०७ साली दाखवलं. चामखिळीचा अर्क जिवाणूही अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळून त्यांनी तो स्वतःच्या हातात टोचून घेतला आणि काही महिन्यांनी तिथे चामखिळी उगवल्या. गाळणीतून निसटण्याइतकं लहान काहीतरी हा आजार करतं, हे त्यावरून कळलं. आज या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार माहीत आहेत. प्रत्येकाची आवडती जागा ठरलेली: कुणाला तळवा लागतो, कुणाला बोटं, कुणाला चेहरा, कुणाला जननेंद्रियांची नाजूक त्वचा.

आता हा विषाणू राहतो कुठे ते समजून घ्या, कारण जाळलेली चामखीळ परत का येते याचं उत्तर तिथेच आहे. आपल्या कातडीचा वरचा थर खालून वर वाढतो. तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकत जातात, सुकतात आणि काही आठवड्यांनी गळून पडतात. एचपीव्ही अखंड कातडीतून आत शिरू शकत नाही. त्याला बारीकशी चीर लागते: नखाशेजारचं सोललेलं कातडं, पाण्यात भिजून मऊ पडलेला तळवा, खरचटलेला गुडघा. त्या चिरेतून तो तळाच्या पेशीत जाऊन बसतो. तिथे तो गप्प असतो. पेशी वर सरकायला लागली की तिच्याबरोबर वर येतो, वाटेत स्वतःच्या प्रती काढतो आणि कातडं जाड करत जातो. वरच्या थरातून गळणाऱ्या प्रत्येक कपच्यातून नवे विषाणू बाहेर पडतात. लागण झाल्यापासून चामखीळ डोळ्यांना दिसेपर्यंत एक ते सहा महिने जातात, कधी त्याहून जास्त.

या सगळ्या प्रवासात तो रक्तात जात नाही, पेशी फोडत नाही, सूजही आणत नाही. म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला चाहूल लागेल असं तो काहीच करत नाही. त्यामुळे रक्तात काही दोष आहे का, या प्रश्नाचं माझं ठाम उत्तर ‘नाही’ असं आहे. रक्त शुद्ध करणारी म्हणून दिली जाणारी औषधं यावर काम करू शकत नाहीत, कारण जिथे ती पोचणार तिथे हा विषाणूच नाही.

मशिनने जाळली तेव्हा दिसणारी गाठ गेली. पण तिच्याभोवतीच्या, वरून अगदी निरोगी दिसणाऱ्या कातडीच्या तळाशी विषाणू बसलेला होता आणि तो तसाच राहिला. जखम भरताना तिथे नव्या पेशी भराभर तयार झाल्या, त्यातल्या काहींमध्ये तो शिरला आणि दोन महिन्यांत पुन्हा वर आला. यात त्या डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला असं मी म्हणणार नाही. कोणत्याही पद्धतीने काढली तरी चामखीळ परत येण्याची शक्यता असते आणि नखाशेजारची सगळ्यांत जास्त हट्टी असते. हे जाळण्याआधी तुम्हाला कुणी नीट सांगितलं असतं, तर मात्र बरं झालं असतं.

एकाच्या सात कशा झाल्या? मुलगी नखं कुरतडते का, नखाशेजारचं कातडं दातांनी सोलते का, हे आठवडाभर तिला न रागावता बघा. अशा मुलांच्या बोटांवर चामखिळी नखाच्या कडेने माळेसारख्या उगवतात. क्वचित ओठांवरही येतात. कातडं सोललं की विषाणूला दार मिळतं आणि दातांना लागलेला विषाणू पुढच्या बोटावर पोचतो. ही सवय सुटली नाही, तर मी कितीही चांगलं औषध दिलं तरी ते अर्धंच लागू पडेल.

प्रकारांबद्दल लिहिताना मी सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, तुमच्या घरात जे आहेत त्यांना जास्त देते. हाताच्या पाठीवर, बोटांवर, गुडघ्यावर येणारी खडबडीत, घुमटासारखी, फुलकोबीसारख्या पृष्ठभागाची ती साधी चामखीळ. चेहऱ्यावर आणि हाताच्या पाठीवर सपाट, गुळगुळीत, टाचणीच्या डोक्याएवढ्या, एका वेळी वीस-तीससुद्धा येतात त्या चपट्या चामखिळी. दाढी करताना किंवा खाजवताना पाती-नखं जशी फिरतात तशा त्या रेघेत पसरतात. ओठांजवळ, नाकपुडीजवळ, पापणीवर काट्यासारखी उभी राहणारी, वर बारीक तुरे असलेली ती धाग्यासारखी चामखीळ. ती देठाशी बारीक असते, त्यामुळे काढायला सोपी जाते.

नखाशेजारची वेगळी सांगायला हवी. ती नखाच्या कडेला दिसते तेवढीच नसते. बऱ्याचदा ती नखाखाली सरकलेली असते आणि नख वर उचलते. नख जिथे तयार होतं ते मूळ तिच्या अगदी जवळ असतं. तिथे खोल जाळलं, जास्त गोठवलं किंवा कापलं तर नख आयुष्यभर वाकडं, चिरलेलं उगवू शकतं. नऊ वर्षांच्या मुलीच्या अंगठ्यावर हा धोका मी सहजासहजी पत्करणार नाही.

आता तुमचा पाय. लिहिलंय त्यावरून मला ते कुरूप वाटत नाही, चामखीळच वाटते, पण खात्री तुम्हाला घरीच बऱ्यापैकी करता येईल. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, पुसा आणि चांगल्या उजेडात नीट बघा. तळव्यावर बोटांच्या ठशासारख्या बारीक समांतर रेषा असतात. कुरूप किंवा घट्टा असेल तर त्या रेषा त्याच्यावरून तशाच पुढे जातात. चामखीळ असेल तर रेषा तिच्या कडेशी येऊन तुटतात आणि बाजूने वळसा घालतात, नदीतल्या दगडाला पाणी वळसा घालतं तशा. मग बोटाने वरून सरळ दाबा. नंतर दोन बोटांच्या चिमटीत दोन्ही बाजूंनी धरून दाबा. कुरूप वरून दाबल्यावर जास्त दुखतं, चामखीळ चिमटीत धरल्यावर कळ देते.

क्लिनिकमध्ये मी आणखी एक गोष्ट करते. पातं आडवं धरून वरचा कडक थर पापुद्र्या-पापुद्र्याने तासते. कुरूप असेल तर मध्ये काचेसारखा, पिवळट, अर्धपारदर्शक खिळा दिसतो आणि रक्त येत नाही. चामखीळ असेल तर दोन-तीन पापुद्र्यांनंतर काळे ठिपके दिसायला लागतात, मोहरीपेक्षाही बारीक, आणि आणखी एक पापुद्रा काढला की त्या ठिपक्यांच्या जागी टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब उभे राहतात. लोक या ठिपक्यांना मूळ किंवा बी म्हणतात आणि घरी सुईने उपसायला बसतात. ते मूळ नाही. वाढलेल्या चामखिळीला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या तिच्यात वर चढतात, त्यांत रक्त गोठतं, त्याचे ते ठिपके. चामखिळीला मूळ नसतं, ती कातडीच्या वरच्या थरातच असते. हे तासण्याचं काम तुम्ही घरी करू नका. रेषांची आणि चिमटीची परीक्षा पुरेशी आहे.

तळव्यावरची चामखीळ शरीराच्या वजनाने आत दाबली जाते, म्हणून ती वर न वाढता खाली रुतते आणि चालताना खडा टोचल्यासारखी दुखते. काही वेळा अनेक छोट्या चामखिळी एकमेकींना चिकटून फरशीसारखा पट्टा तयार होतो. तो दुखत कमी असला तरी बरा व्हायला जास्त वेळ घेतो.

कॅन्सरची भीती तुम्ही बोलून दाखवलीत ते बरं झालं, कारण पुष्कळ आया हा प्रश्न मनात ठेवतात आणि झोप घालवतात. हात-पायांवरच्या चामखिळी करणारे प्रकार म्हणजे १, २, ४, २७, ५७ हे क्रमांक. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी ज्यांचं नातं आहे ते वेगळे, प्रामुख्याने १६ आणि १८. हे नातं शोधल्याबद्दल हारल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं आणि तेव्हापासून एचपीव्ही म्हटलं की कॅन्सर असं समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं. धडधाकट मुलीच्या बोटांवरच्या साध्या चामखिळींचं कॅन्सरमध्ये रूपांतर होईल म्हणून घाबरण्याचं कारण नाही.

पण दोन ठिकाणी मी सावध असते. अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, एचआयव्ही किंवा जन्मजात दोष यांमुळे प्रतिकारशक्ती दबलेली असेल, तर चामखिळी खूप, मोठ्या आणि न हटणाऱ्या होतात आणि अशा लोकांमध्ये त्वचेच्या कॅन्सरचा धोका खरोखर वाढतो. दुसरं म्हणजे चामखीळ समजून जपलेली भलतीच गोष्ट. एक मध्यमवयीन गृहस्थ एका बोटाच्या नखाशेजारची चामखीळ घेऊन आले होते. चार वर्षं ते तिच्यावर आम्लाचे थेंब टाकत होते. कडेने ओल होती, मध्ये छोटी न भरणारी जखम होती, नख एका बाजूने विरघळल्यासारखं झालं होतं. तुकडा काढून तपासला तर तो त्वचेचा कॅन्सर निघाला. वेळेत कळलं, बोट वाचलं. त्यामुळे प्रौढ माणसाला एकाच जागी वर्षानुवर्षं न हटणारी, चिघळणारी, हात न लावता रक्त येणारी, रंग बदलणारी किंवा भराभर वाढणारी चामखीळ असेल तर औषध थांबवा आणि आधी तुकडा तपासून घ्या. काळसर डाग किंवा तीळ चामखीळ समजून घरी जाळणं तर फारच धोक्याचं, कारण तीळ बिघडलेला असेल तर पुरावाच नष्ट होतो.

आता उपचार. पहिला उपचार म्हणजे वाट बघणं, आणि तोही उपचारच आहे. मुलांमध्ये सुमारे निम्म्या जणांच्या चामखिळी एका वर्षात आणि सुमारे दोन तृतीयांश जणांच्या दोन वर्षांत काहीही न करता जातात. एक दिवस प्रतिकारशक्तीला त्या लपलेल्या विषाणूची ओळख पटते आणि कधी कधी तर पंधरा दिवसांत सगळ्या एकदम नाहीशा होतात. जाण्याआधी काही वेळा त्या लालसर होतात, खाजतात किंवा काळ्या पडतात. त्या वेळी घाबरून मलमं बदलू नका. दुखत नसेल, पसरत नसेल, मुलीला लाज वाटत नसेल, तर वाट बघण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. मोठ्या माणसांमध्ये मात्र त्या जास्त काळ टिकतात.

तुमच्या मुलीच्या चामखिळी पसरताहेत, म्हणून औषध सुरू करावं असं माझं मत आहे. पहिली निवड सॅलिसिलिक आम्लाची. हे नाव ऐकून लोक नाक मुरडतात, इतकं जुनं आणि साधं औषध वाटतं. पण इतक्या वर्षांच्या चाचण्यांमधून ज्याच्या बाजूने सगळ्यांत भरवशाचा पुरावा जमला आहे ते हेच. ते विषाणू मारत नाही. जाड कातडं मऊ करून थराथराने सोलतं आणि सोलताना थोडी चुरचुर, थोडी सूज आणतं. त्या सुजेमुळे प्रतिकारशक्तीचं लक्ष तिथे जातं.

हे औषध अपयशी ठरतं ते बहुतेक वेळा लावण्याच्या पद्धतीमुळे, म्हणून पद्धत नीट सांगते. रात्री झोपण्याआधी बोट पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचं. पुसून, नखं घासायच्या कागदी कानशीने चामखिळीवरचा पांढरा पडलेला मेलेला थर घासायचा, रक्त येईल इतका नाही. ती कानशी फक्त त्याच कामाला, आणि आठवड्याने फेकून द्यायची. भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावायचं. मग १७ टक्क्यांच्या औषधाचा एक थेंब काडीच्या टोकाने फक्त चामखिळीवर ठेवायचा, सुकू द्यायचा, दुसरा ठेवायचा आणि वरून चिकटपट्टी लावायची. सकाळी पट्टी काढायची. पट्टीखाली औषध जास्त मुरतं, शिवाय बोट तोंडात जात नाही. हे रोज, बारा आठवडे. आग व्हायला लागली, कातडं लाल झालं तर दोन-तीन दिवस विश्रांती देऊन पुन्हा सुरू करायचं. लोक तीन आठवड्यांत कंटाळतात आणि औषध निकामी आहे असं म्हणतात, पण निकाल बघायचा तो तीन महिन्यांनी. मुलीच्या वयाकडे बघता सुरुवात डॉक्टरांना दाखवूनच करा आणि थेंब तुम्ही स्वतः ठेवा, तिच्या हातात बाटली देऊ नका.

तळपायाचं कातडं जाड असतं, तिथे तुमच्यासाठी ४० टक्क्यांच्या पट्ट्या मिळतात. चामखिळीच्या आकाराएवढीच पट्टी कापून लावायची आणि दोन दिवसांनी बदलताना वरचा थर घासून काढायचा. बाकी रीत तीच. कुरुपाच्या पट्ट्यांमध्येही बहुधा हेच औषध असतं. तुमचं दुखणं पूर्ण का गेलं नाही याचं कारण मला असं दिसतं की पट्टी तुम्ही लावलीत, पण भिजवणं आणि घासणं राहिलं. मात्र मधुमेह असेल, पायाची संवेदना कमी असेल किंवा रक्तपुरवठा मंद असेल तर हे औषध पायाला स्वतःहून लावू नका. जखम झाल्याचं कळतच नाही आणि ती लवकर भरत नाही. चेहऱ्यावर आणि जननेंद्रियांवर कुणीच लावू नये.

दुसरा मोठा उपाय द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सियस. फवारा चामखिळीवर धरला की ती पांढरी पडते आणि कडेच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर कातडीपर्यंत पांढरेपणा पसरला की थांबायचं. चटका बसल्यासारखी कळ येते, दिवसा-दोन दिवसांत फोड येतो, कधी तो रक्ताचा असतो, तो फोडायचा नाही. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा, असं तीन-चार महिने चालतं. एका बैठकीत जाईल अशी आशा मी कुणाला दाखवत नाही. सावळ्या त्वचेवर पांढरा डाग राहू शकतो, बोटांच्या कडेने जाणाऱ्या नसांना इजा होऊ शकते. कधी मधली चामखीळ जाते आणि फोडाच्या कडेने अंगठीसारखी नवी उगवते. आईने कवटाळून धरलेलं रडतं मूल आणि हातात फवारा, अशा स्थितीत मी हा उपचार करत नाही. दुखण्याची आठवण मुलाच्या मनात बरीच वर्षं राहते आणि पुढच्या साध्या तपासणीलाही ते मूल हात पुढे करत नाही.

हट्टी, संख्येने जास्त असलेल्या चामखिळींसाठी गेल्या काही वर्षांत आम्ही एक वेगळी वाट धरली आहे, ती प्रतिकारशक्तीला जागं करण्याची. सगळ्यांत मोठ्या चामखिळीत गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एमएमआर लस थोडीशी टोचायची. ही लस शरीराला ओळखीची असते. ती टोचल्यावर संरक्षक पेशी तिथे धावून येतात आणि त्या गर्दीत लपलेल्या एचपीव्हीचीही ओळख पटते, असा तर्क आहे. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन ते पाच वेळा द्यावी लागते. यात एक समाधान मी अनेकदा अनुभवलं आहे: टोचली एका अंगठ्यात आणि हळूहळू दुसऱ्या हातावरच्या, हातही न लावलेल्या चामखिळी विरून गेल्या. सगळ्यांना असा गुण येत नाही हेही तितकंच खरं. ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही असंच वापरतात. एमएमआर जिवंत लस आहे, म्हणून गरोदर स्त्रीला किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला ती देत नाहीत. तुमच्या मुलीला तीन महिन्यांच्या सॅलिसिलिक आम्लाने फरक पडला नाही, तर मी याच वाटेने जाईन.

ब्लिओमायसिन हे कॅन्सरवरचं औषध चामखिळीत टोचून फार जुनाट चामखिळी बऱ्या करता येतात. पण ते खूप दुखतं आणि बोटाच्या टोकाचा रक्तपुरवठा व नख दोन्ही बिघडवू शकतं. मुलांमध्ये मी ते टाळते, गरोदरपणात ते पूर्ण वर्ज्य. मशिनने किंवा लेझरने जाळणं हे मोजक्या, सुट्या, विशेषतः धाग्यासारख्या चामखिळींना ठीक. त्या धुरातही विषाणूचे अंश सापडतात, त्यामुळे मास्क आणि धूर खेचणारं यंत्र दोन्ही हवीत. चपट्या चामखिळींना रात्री लावायची ट्रेटिनॉइनसारखी सौम्य मलमं बरी पडतात. साधी चिकटपट्टी आठवडाभर चिकटवून ठेवण्याचा उपाय पुष्कळ गाजला, पण पुढच्या चाचण्यांमध्ये तो फारसा टिकला नाही. त्याने नुकसान काही नाही. तीव्र आम्ल, चुना किंवा कुठलाही जळजळीत लेप मात्र नको. चांगलं कातडं जळतं, तिथे चीर पडते आणि चीर म्हणजे विषाणूला पुन्हा दार.

कापून काढण्याबद्दल स्वतःची एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका धावपटू मुलीने हट्ट धरला, की एकदाच कापून टाका, स्पर्धा जवळ आहे. मी तळव्यावरची चामखीळ कापून टाके घातले. चार महिन्यांनी टाक्यांच्या रेषेवर तीन नव्या उगवल्या. त्या पुढे गेल्या, पण वण राहिला आणि तो नेमका जिथे पाऊल टेकतं तिथे आहे. चामखीळ जाण्याची शक्यता होती, वण जाणार नाही. त्यानंतर तळव्यावरची साधी चामखीळ मी कधी कापली नाही.

घरात पसरू नये म्हणून काय करायचं? टॉवेल, नेलकटर, कानशी प्रत्येकाची वेगळी. हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही बराच काळ टिकतो आणि हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाला फारशी दाद देत नाही, त्यामुळे साबण-पाण्याने हात धुणंच चांगलं. न्हाणीघरात आणि पोहण्याच्या तलावाच्या कडेला चपला घाला. पोहताना चामखिळीवर पाण्यात टिकणारी पट्टी लावली की पुरे. मुलीला शाळेतून घरी बसवायचं किंवा खेळापासून तोडायचं काही कारण नाही. शिक्षकांनी विचारलं तर तसं सांगा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण न सांगता पुढे जाणं बरोबर नाही असा एक प्रकार म्हणजे जननेंद्रियांवरच्या चामखिळी. त्या लैंगिक संबंधातून पसरतात, बहुतेक ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे होतात आणि लाजेपोटी लोक त्यांवर हातापायाची औषधं लावून कातडं भाजून घेतात. त्यांची औषधं वेगळी आहेत, जोडीदाराचीही तपासणी लागते. लहान मुलाच्या जननेंद्रियांवर किंवा गुदद्वाराशी चामखीळ दिसली तर उशीर न करता डॉक्टरांना दाखवा. ती जन्माच्या वेळी आईकडून किंवा हाताच्या स्पर्शातूनही आलेली असू शकते, पण त्या मुलाशी कुणी गैरवर्तन करत नाही ना, हे तपासणं मोठ्यांचं कर्तव्य आहे.

एचपीव्हीची लस मुलीच्या बोटांना उपयोगी पडेल का, असाही प्रश्न पुढे येईल. नाही, ती वेगळ्या प्रकारांविरुद्ध आहे आणि आधीच असलेल्या चामखिळी बऱ्या करण्यासाठी नाही. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून संरक्षण म्हणून ती ९ ते १४ या वयात द्यायची असते आणि तुमची मुलगी आता त्याच वयात आली आहे. चामखिळीसाठी डॉक्टरांकडे जालच, तेव्हा याबद्दलही बोलून घ्या.

आजपासून काय करायचं ते सांगते. मुलीच्या दोन्ही हातांचे आणि तुमच्या तळव्याचे फोटो चांगल्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा काढा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना हळूहळू होणारा फरक कळत नाही, फोटोत कळतो. गाठ सपाट झाली म्हणून औषध थांबवू नका, कारण याच टप्प्यावर थांबलेल्या पुष्कळ चामखिळी परत येतात. बोट उजेडात तिरकं धरून त्या जागेकडे नीट बघा. काळे ठिपके गेलेले असले पाहिजेत आणि तुटलेल्या त्या बारीक रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुन्हा अखंड दिसल्या पाहिजेत. त्या जुळलेल्या दिसल्या की औषध बंद करा आणि पुढचे तीन महिने फक्त महिन्याचा फोटो चालू ठेवा.